तिच्या मापाची

कापडाच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या बाईला स्वतःचं अंग राहत नाही. साडी कुणी घडीत पाहून घेत नाही, अंगावर पडलेली पाहायची असते. मग आम्ही पदर खांद्यावर टाकतो, निऱ्या बोटांत धरतो, आरशाकडे वळतो. समोरच्या बाया टक लावून पाहतात, पण साडीकडे. काही वेळा तर माझ्या खांद्यावरचा पदर माझ्याशी एक शब्द न बोलता दुसरीच बाई ओढून घ्यायची. जालन्यात वीसेक वर्षं हे काम केलं. दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा फुगल्या, तेव्हा मागल्या वर्षी सोडलं.

आमचं दुकान दोन मजल्यांचं. खाली गर्दी, गाद्या, आहेराच्या साड्यांचे ढीग. वर गालिचा, एसी, सोफा आणि तीन बाजूंनी दाखवणारा आरसा. वर डिझायनर माल, खाली त्याच मालाची कॉपी. बाहेरच्यांना हे नीट कळावं म्हणून सांगते. मुंबई-पुण्याचा एखादा डिझायनर नवरीचा घागरा काढतो. त्याचे फोटो मोबाइलवर फिरतात, आणि लग्नसराई यायच्या आत सुरतेहून हुबेहूब तसा घागरा येतो. रंग तोच, वेलबुट्टी तीच, किंमत मात्र खूपच कमी. त्याला आम्ही ‘फर्स्ट कॉपी’ म्हणायचो. फरक पाहायचा तर कापड उलटं करायचं. हाताच्या कामाला मागून गाठी दिसतात, धागे इकडचे तिकडे गेलेले असतात. मशीनचं काम मागूनही साफ असतं.

इथं बी-बियाण्यांचा आणि लोखंडाचा पैसा आहे, तेव्हा वरच्या मजल्यालाही गिऱ्हाईक कमी नव्हतं. एका मोठ्या घरच्या बाईंनी लेकीसाठी वरचा घागरा घेतला, होणाऱ्या सुनेसाठी त्याचीच खालची कॉपी घेतली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “वरचं लेबल ह्याला टाचून दे ना.” एका नवरीनं याच्या उलट केलं. स्वतःच्या पगारातून अस्सल घेतला आणि आईला सांगितलं, कॉपी आहे, स्वस्तात मिळाला. आई दुकानातून निघेपर्यंत मैत्रिणींना सांगत होती, “बघा, कुणी म्हणंल का हे नकली हाय!”

माझं स्वतःचं मत विचाराल, तर मी कायम खालच्या मजल्याच्या बाजूची. शेठजींचा कान जवळ नसला की मी गिऱ्हाइकाला सांगायची, “एक दिवस घालायचा, कॉपी घ्या. फोटोत कुणाला कळतं?” हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं, की मी ते गयाबाईलाही बोलून गेले.

पितृपक्ष म्हणजे आमच्या धंद्याचा मेलेला पंधरवडा. नवं कापड कुणी घेत नाही. नवरीचं तर मुळीच नाही. आम्ही मुली फडकी घेऊन कपाटं पुसत बसायचो. अशाच एका दुपारी ही गयाबाई, पन्नाशीची बाई, सरळ जिना चढून वर आली. डोक्यावर पदर, पायांत धुळीनं भरलेल्या चपला. गालिच्याकडे पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या.

“डाळिंबी घागरा व्हता हितं. काठाला कोयऱ्या व्हत्या. इकला का?”

“आहे, मावशी. बसा. नवरी कुठंय?”

“ती न्हाई आली.”

“मग माप?”

तिनं मला वरून खाली पाहिलं. गिऱ्हाईक पाहतं तसं नाही. मला पाहिलं. “वळ,” म्हणाली. मी वळले. “चाल जरा.” मी खिडकीपर्यंत जाऊन आले.

“तुझ्याच मापाची हाय,” ती म्हणाली. “बराबर तुझ्या.”

मी घागरा काढला. तिनं विचारलं, “ह्यो त्योच हाय का? उन्हाळ्यातला? का दुसरा आलाय?”

“तोच. अस्सल पीस एकच येतो.”

तिनं घागऱ्याचं अस्तर उलटलं, त्यात तोंड घातलं आणि बराच वेळ तशीच राहिली. बाया कापडाचा वास घेतात. नव्या कापडाचा वास पुष्कळांना आवडतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण जिन्यातून वर येणारी आमची मंगल थबकली आणि तशीच पाठमोरी खाली गेली.

मग बाईनं खालची कॉपीही मागवली. दोन्ही घागरे सोफ्यावर शेजारी शेजारी मांडले. एरवी सगळ्या विचारतात, धुता येतो का, रंग जातो का, परत घेता का. ही म्हणाली, “जळतं कसं ह्ये?”

मला उलट आनंद झाला, कारण ती परीक्षा आमच्या धंद्यातली जुनी. शिवणीतून एक दोरा काढायचा आणि काडी लावायची. खिडकीपाशी जाऊन मी रेशमाचा दोरा जाळला. केस जळल्याचा वास आला आणि बोटांत चिमूटभर राख राहिली, फुंकली तर उडाली. मग कॉपीचा दोरा जाळला. तो आक्रसला, वितळला, आणि खिडकीच्या फरशीवर काळा मणी पडला.

“बघा, प्लास्टिकच हे,” मी म्हणाले.

तिनं तो मणी उचलला. गरम होता अजून. तिनं मूठ मिटली.

“चिकटतं,” ती म्हणाली.

“गरम असताना चिकटतं. टाका मावशी, भाजेल.”

“कातड्याला बी चिकटतं.”

ते विचारणं होतं की सांगणं, कळलं नाही. मी माझं नेहमीचंच वाक्य काढलं. म्हणाले, “पण एका दिवसाचं काम, मावशी. आग कुठं लागणार आहे? कॉपी घ्या. फोटोत कुणाला कळतं?”

ती म्हणाली, “मला कळंल ना.”

मी घागरा घातला. चोळी घातली, दुपट्टा घेतला. तिनं मला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि कनवटीतून मोबाइल काढला. “हात म्होरं धर. असे.” मी हात पुढे धरले. माझी डावी करंगळी वाकडी आहे, लहानपणी दारात सापडलेली. फोटोत मी ती नेहमी लपवते. तशी लपवायला गेले, तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे तशीच.”

“हसू का?”

“तोंडाचं ऱ्हाऊ दे,” गयाबाई म्हणाली. “तोंड हाय आमच्याकडं.”

मी मनात म्हटलं, पाहण्याच्या वेळचा मुलीचा फोटो असेल, त्याबद्दल बोलत असेल. काहीतरी अर्थ लावून माणूस पुढे जातं. तिनं समोरून, बाजूनं, मागून फोटो काढले. मग खाली पायरीवर बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. कडुबा त्याचं नाव. उंच, वाळलेला माणूस. जिन्याच्या तोंडाशी आला, घागऱ्यातल्या मला एकदा पाहिलं आणि भिंतीला हात लावून तिथंच खाली बसला.

“ती म्हणंल तेच द्या, ताई,” एवढंच बोलला.

अस्सल घागरा गेला. दुपट्ट्याचे गोंडे उसवले होते, म्हणून दुपट्टा दुरुस्तीला ठेवून घेतला. चोळी माझ्याच मापाची करायला सांगितली होती. ती तयार झाल्यावर कडुबा येऊन घेऊन गेला, दुपट्टा मात्र विसरला. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तो डाळिंबी दुपट्टा पिशवीत पडून होता. नवरीनं दुपट्ट्यावाचून काय केलं असेल? दिलेल्या नंबरवर कुणी उचलत नव्हतं.

माझी नणंद भोकरदनला दिलेली. तिच्याकडे जायचं होतं, म्हणून पिशवी बरोबर घेतली. बिलावर गयाबाईचा पत्ता धावड्याचा होता, तेव्हा भोकरदनहून धावड्याच्या गाडीत बसले. गावाअलीकडे त्यांची शेतवस्ती होती. नवं, स्लॅबचं घर, अंगणभर मिरच्या वाळत घातलेल्या. मी हाक मारायच्या आधीच गयाबाई दारात आली.

“आलीस?” म्हणाली. जशी मी कळवून आले होते.

आत गेले. समोरच्या भिंतीवर मोठा फोटो होता. मला आधी घागरा दिसला आणि बरं वाटलं. आपण विकलेलं कापड लग्नाच्या फोटोत पाहायला आम्हाला फार क्वचित मिळतं. मग फोटोला घातलेला हार दिसला.

विशीतल्या मुलीचा चेहरा. रुंद कपाळ, सरळ पुढे पाहणारे डोळे. कॉलेजच्या ओळखपत्रावर असतो तसा. मागे कुठल्यातरी राजवाड्याच्या पायऱ्या. चेहरा मानेपेक्षा थोडा उजळ होता, आणि मानेवर रंग फासून सांधा बुजवला होता. खाली तो घागरा, आणि पुढे धरलेले दोन हात. डाव्या हाताची करंगळी वाकडी.

माझे हात होते ते. माझ्या हिरव्या बांगड्या होत्या. हार बरोबर त्यांच्यावर लोंबत होता, आणि काचेवर हातांच्या जागी हळदीकुंकवाचा थर साचला होता. रोज कुणीतरी लावत असणार.

मी दुपट्ट्याची पिशवी छातीशी धरून उभी होते. गयाबाईनं माझा डावा हात घेतला, करंगळीवरून अंगठा फिरवला, जसा तो तिच्या फार सवयीचा होता. “चहा टाकते,” म्हणून आत गेली.

मी ओट्यावर येऊन बसले. कडुबा मिरच्या चाळवत होता. माझ्याकडे न पाहता त्यानं सगळं सांगितलं. कोमल त्यांची एकुलती एक. उन्हाळ्यात लग्न ठरलेलं. आमच्याच दुकानात कापड घ्यायला आले होते, लग्नसराईच्या गर्दीत माझ्या ते लक्षात राहिलं नव्हतं. कोमलनं वर जाऊन डाळिंबी घागरा घालून पाहिला आणि काढायलाच तयार नव्हती. गयाबाई म्हणाली, एका दिवसाला एवढा खर्चा कशाला, खाली असाच हाय. कॉपी घेतली. पोरगी दोन दिवस रुसली, मग हसली. लग्नाला आठवडा राहिला आणि तापानं गेली.

“नवरीच्या कापडात न्हेली,” तो म्हणाला. “अंगाला चिकटलं ताई, ते कापड. राख न्हाई झाली बराबर. मी पाह्यलं, आन् घरी येऊन हिला सांगून बसलो. सांगायला नको व्हतं.”

चहा तसाच ठेवून मी निघाले. वाटेत गाडीत डावा हात मांडीवर होता, त्याच्याकडे पाहायचं धाडस होईना.

आमच्या घरी असलं काही मानत नाहीत. सासरे शाळामास्तर होते. कुणी बाधा, नजर असा शब्द काढला तर ताटावरून उठायचे. त्यामुळे मी गप्पच राहिले. पण थोड्याच दिवसांत डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग बोटं जड झाली. एका गिऱ्हाइकाला साडी दाखवताना निऱ्या हातातून सुटून खाली पडल्या, आणि त्या पडल्याचं मला खाली पाहिल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले, मानेची शीर दबलीय, उभ्या कामानं होतं. गोळ्या दिल्या. दुकानातली मंगल म्हणाली, “तुझ्या हाताला रोज हार पडतोय, दुसरं काय होणार?”

शेवटी घरी सांगितलं. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, “मी मानत नाही. हाताचा त्याच्याशी काही संबंध नाही.” थोड्या वेळानं म्हणाले, “तरी पण हार काढायला सांग.”

नवऱ्याच्या मोटारसायकलवर परत धावड्याच्या रस्त्याला गेले. मला वाटलं होतं गयाबाई रडेल, भांडेल. मी चाचरत बोलले, “मावशी, मी जिवंत आहे. माझ्या हातांना हार...”

“काढते की,” ती झटकन म्हणाली. स्टुलावर चढून हार काढला, काच ओल्या फडक्यानं पुसली. खाली उतरताना हसत होती. “मला बी नव्हता आवडत. लोक म्हणले म्हणून घातल्ता.”

हात बरा झाला. गोळ्यांनी की कशानं, मला माहीत नाही. पण त्यानंतर जे सुरू झालं, ते हार होता तेव्हापेक्षा वाईट.

एका दुपारी दुकानाच्या वरच्या मजल्यावर गयाबाई येऊन बसली. कापड पाहायला नाही. मांडीवर डबा. मला म्हणाली, “जेवलीस का? सासरी धड जेवू देतात का तुला?” डब्यात बाजरीची भाकरी, ठेचा, गूळ. मी म्हटलं, “मावशी, मी विजया.” तिनं ऐकलंच नाही. पुढच्या बाजाराला परत आली. मग दर बाजाराला. सोफ्याच्या कडेला बसायची, चपला मांडीपाशी, आणि मी गिऱ्हाइकांना माल दाखवत असताना माझ्याकडे पाहत राहायची. मुलींना सांगायची, “माझी कोमल हाय ही. हितंच दिली जालन्यात.” मुलींनी वर येणं सोडलं. मंगल तर जिन्यातूनच ओरडून विचारायची, गेली का.

काम सोडून मी किती वेळा तिला समजावणार? एकदा खूप गर्दी होती, मागून हाक आली, “कोमल!” आणि मी “ओ” दिली. तोंडातून निघून गेली. गयाबाईचा चेहरा इतका उजळला, की ते मागे घेण्याची हिंमत मला झाली नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. एका नवरीला मी दुपट्टा घेऊन दाखवत होते. आरशात पाहिलं. तिन्ही आरशांत मी उभी होते, दोन्ही हात पुढे धरून, फोटोत होते तसे. नवरीची आई म्हणाली, “अहो, पदर दाखवा ना, हात काय धरलेत?” ते मी कधी धरले, मला ठाऊक नाही. मागे सोफ्यावर गयाबाई मान डोलावत होती, बरोबर जमलंय अशी.

नंतर कडुबा एकटा आला. वर न येता पायरीवरच थांबला. मी खाली गेले.

“ताई, गावात सांगून राह्यली, पोरगी नांदायला गेली. संक्रांतसणाची भांडी आणली. जावई कवा येणार, मला इचारती. मी हार घातला तर काढून फेकती. म्हणती, जित्या पोरीला हार घालतोस?” त्यानं टोपी काढून हातात दाबली. “तुम्ही घाला. तुमचा काढायची न्हाई.”

“माझ्या हातांनी? माझ्याच...”

“दुसरं कोण घालणार, ताई?”

मी घरी येऊन सांगितलं. सकाळी पाहिलं तर सासरे धोतर नेसून, काठी घेऊन दारात तयार. “चल,” म्हणाले, “मी येतो.” गाडीत सगळा वेळ ते खिडकीबाहेर पाहत होते. भोकरदनच्या स्टँडवर उतरून त्यांनीच हार घेतला, पांढऱ्या शेवंतीचा. पुड्यात बांधून माझ्याकडे दिला.

गयाबाई दारातच होती. “कोमल, बापाला कळवायचं तरी व्हतं,” म्हणाली. सासऱ्यांना पाहून पदर सावरला, व्याही आल्यासारखा. सासरे कडुबाजवळ अंगणात बसले. मी आत गेले. फोटो स्वच्छ होता, हातांवरची काच लखलखत होती. मी पुडा सोडला.

“ते कशाला?” गयाबाई म्हणाली.

“मावशी, इकडे बघा.” मी डावा हात वर धरला. “हे हात माझे आहेत. दुकानात तुम्ही फोटो काढलात तेव्हाचे. मी कोमल नाही. कोमल गेली.”

“तू ओ दिलीस.”

“दिली. चुकून दिली, मावशी.”

ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, “मंग ती कुठंय?”

बाहेरून सासरे खाकरले. मी स्टुलावर चढले. हार फोटोवरून खाली सोडताना माझी बोटं काचेतल्या बोटांवर टेकली. काच थंडगार होती. क्षणभर वाटलं, हात सोडवता येणार नाही. पण हात निघाला. हार जागेवर बसला.

खाली उतरले तेव्हा गयाबाई फोटोतली करंगळी पाहत होती. मग माझी पाहिली. परत फोटोतली पाहिली. मी वाट पाहत राहिले, ती आता उठून हार ओढेल म्हणून. ती उठली नाही. जमिनीवर बसली, पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. कोमल गेल्यापासून ही बाई रडली नव्हती, हे कडुबानं नंतर सांगितलं. त्या दिवशी रडली. सासरे आणि कडुबा दाराशी येऊन उभे राहिले आणि परत मागे सरले.

रडणं थांबल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. नीट, प्रथमच पाहावं तसं.

“तुझं नाव काय गं, बाई?”

इतक्या दिवसांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

“विजया,” मी म्हणाले.

“इजया.” तिनं ते नाव दोनदा पुटपुटलं. मग हात टेकून उठली, फोटोसमोर गेली आणि पाहुण्यांची ओळख करून देतात तशा हलक्या आवाजात म्हणाली, “कोमल, ही इजया. दुकानातली. घागरा हिनं दाखवला.”